पावसात होला कुशीवर पडतो, एक पंख वर करतो. आजारी आहे का?

मुगवडीवाली

नमस्कार. मी नागपूरची, त्रिमूर्ती नगरात राहते. दुमजली घर, वर मोकळी गच्ची. पाखरांतलं मला फारसं कळत नाही. गच्चीवर मुगवड्या, खारोड्या घालायच्या आणि काठी घेऊन राखण बसायचं, एवढाच त्यांचा-माझा संबंध.

परवा मृगाचा पहिला बरा पाऊस आला. कपडे ओढायला वर धावले, तर टाकीजवळ एक होला कुशीवर पडलेला. एक पंख अंगाखाली, दुसरा सरळ आभाळाकडे उभा, शेपटी पंख्यासारखी पसरलेली. बाकीची पाखरं पत्र्याच्या आडोशाला आणि हा एकटा उघड्यावर भिजून राहिला होता. मला वाटलं, गेला बापडा, लकवा मारला की काय! खाली येऊन संत्र्याचं रिकामं खोकं अन् जुना टॉवेल घेतला, परत वर गेले. तेवढ्यात गडी दुसऱ्या कुशीवर! आता दुसरा पंख वर. टॉवेल टाकणार तोच भुर्रकन उडून शेजारच्यांच्या कठड्यावर जाऊन बसला. मी नखशिखांत ओली, हातात खोकं. यजमान जिन्यातून विचारतात, "आंघोळ त्याची झाली की तुझी?"

ते थट्टेत म्हणाले, पण पाखरू अशी आंघोळ करते का खरंच? चिमण्या तर परातीत उड्या मारून पाणी उडवतात.

दुसरं म्हणजे होले परातीवर येऊन गेले की पाण्यावर पांढरी साय धरते, चुना पडल्यासारखी. काही रोगबिग नाही ना? तेच पाणी चिमण्या पितात म्हणून विचारते. होला लहान चणीचा, विटकरी रंगाचा, गळ्यावर पुढून काळे ठिपके, पंखाची कड निळसर राखाडी.

गोरेवाडा_फिरस्ता

ताई, निकाल यजमानांच्या बाजूने. ती आंघोळच होती.

वर्णनावरून तुमचा पाहुणा छोटा होला, इंग्रजीत लाफिंग डव. ठिपकेवाल्या होल्याच्या मानेवर मागच्या बाजूने काळ्यावर पांढरे ठिपके असतात. याचे ठिपके गळ्यावर, पुढे. होले आणि पारवे एकाच कुळातले, आणि पावसात एका अंगावर कलून पंख उभा करायची सवय दोघांना. बगलेतली पिसं एरवी झाकलेली असतात, पाऊस तिथपर्यंत पोचावा म्हणून ही कसरत. एक बाजू झाली की दुसरी. तुम्ही ऐन बाजू बदलताना पोचलात! पहिल्या सरीनंतर विजेच्या तारांवर बघा, एकेक पंख वर करून बसलेले दिसतील.

कबुतरखाना_जुना

सायीला घाबरू नका जी. आमच्या घरी वडलांपासून कबुतरं आहेत. पाण्याचं टोपलं ठेवलं की पंधरा मिनिटांत त्यावर पांढरा थर. ती पिसांची पावडर. या जातीच्या अंगावर काही मऊ पिसं अशी असतात की त्यांची टोकं झडून बारीक भुकटी होते, आणि ती सगळ्या अंगाला लागते. बदक आपल्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या गाठीतलं तेल चोचीनं पिसांना चोपडते. होल्या-कबुतरांची ती गाठ नावापुरती, काहींत तर नसतेच. त्यांचं काम या पावडरीवर चालते. पारवा खिडकीच्या काचेवर आदळला की पंख पसरलेला अख्खा छापा उमटते, पाहिला असेल. तीच ही पावडर.

म्हणजे साय धरली तर पाखरू तंदुरुस्त आहे असं समजा. पण पाणी रोज बदला. सायीसाठी नाही, विष्ठेसाठी. अन् डासांसाठी.

तुमची परात किती खोल आहे?

मुगवडीवाली

लग्नातली पितळी परात, चांगली चार बोटं खोल. होले काठावर बसून पाणी पितात, आत उतरत नाहीत. पितात पण कसे, चिमणीसारखी मान वर करत नाहीत, चोच बुडवली की म्हैस प्यायल्यासारखं एका दमात.

आणि आता आठवलं. एप्रिलात मुगवड्यांच्या पाटाशेजारी असाच एक जण पडला होता, तोही पंख वर करून. तेव्हा तर आभाळात ढगाचा पत्ता नव्हता! सकाळी नवाचं कोरडं ऊन. मग ती कसली आंघोळ?

गोरेवाडा_फिरस्ता

ती उन्हाची! पोझ तीच, फक्त पाण्याऐवजी ऊन. उन्हानं पिसांतल्या उवा हलतात आणि चोचीनं टिपायला सोप्या जातात, असं मानतात. धुळीत लोळतात त्या चिमण्या. होला तसा लोळताना क्वचितच दिसेल.

कबुतरखाना_जुना

चार बोटं म्हणजे विहीर झाली हो त्याच्यासाठी! दीड-दोन बोटं पाणी पुरे. परातीत एका बाजूला विटेचा चपटा तुकडा ठेवा, पाय टेकायला. पितळ उन्हात चटके देते, माती बरी. अन् परात कुंड्यांच्या गर्दीत ठेवू नका. भिजलेलं पाखरू जड होते, पटकन उडत नाही, आणि मांजर कुंडीमागेच दबा धरते.

सेमिनरी_हिल्स_सकाळ

एक सांगते, कारण दोन्हीकडून चूक होते. कोणी आंघोळ करणाऱ्याला खोक्यात कोंबतो, कोणी खरंच आजारी असलेल्याला "ऊन खातो आहे" म्हणून सोडून देतो. आंघोळ करणारा होला चार पावलांवर गेलात की उठतोच. तुमचाही उठला. आजारी किंवा उन्हाचा तडाखा बसलेला उठत नाही. पिसं फुगवून, मान आखडून बसतो, जवळ गेलं तरी डोळे मिटतो, एखादा पंख नुसता लोंबतो. नुसती उघडी चोच पाहून ठरवू नका, भर दुपारी धडधाकट पाखरंही चोच उघडून धापा टाकतात. न उठणारा सापडला तर तुमचं खोकं आणि टॉवेल तेव्हा कामाचे. सावलीत ठेवा, चोचीत जबरदस्ती पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. आणि आपल्या सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या.

मुगवडीवाली

मे महिन्यात एकाला मी चमच्यानं पाणी पाजलं होतं. वाचला नाही. उन्हानं गेला असं धरून चालले होते, आता कोण जाणे.

परात आत नेली. जुन्या माठाचं बूड फुटकं पडलं होतं, ते गच्चीच्या मधोमध मांडलं, आत विटेचा तुकडा, दोन बोटं पाणी. पहिले दोन दिवस फक्त कावळा आला आणि कुठून तरी आणलेली शिळी पोळी भिजवून गेला. आज सकाळी एक होला विटेवर उतरला, पोटापर्यंत पाण्यात बसला आणि बराच वेळ नुसता बसूनच राहिला, आमच्या सासूबाई टबात बसायच्या तसा. मग एकदाच अंग झाडलं.

पाऊस आला की कपडे काढायला आता यजमान जातात.