पालकांचे क्लास ठेवून पोरांना मारणं खरंच कमी होतं का? (सोसायटीत ठेवायचं चाललंय)

मानेवाडा_फ्लॅटवाली
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर पालकांसाठी काहीतरी ठेवायचं चाललंय. त्याचं कारण म्हणजे वरच्या मजल्यावर एका घरात पहिलीतलं पोरगं आहे, संध्याकाळी होमवर्कची वेळ झाली की आधी पट्टीचा आवाज आणि मग त्याचं रडणं, खाली पार्किंगपर्यंत ऐकू येतं. आई वाईट नाहीये हो, नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये, सासू अंथरुणावर, सगळं ती एकटीच ओढते. मीटिंगमध्ये विषय निघाला तर एकीनं म्हटलं एखादे सर बोलवू, दीड तास 'सुजाण पालकत्व', मग चहा-आलूबोंडा आणि झालं. सेक्रेटरी म्हणतात आपण सगळे मार खाऊनच मोठे झालो ना! मला एवढंच विचारायचंय की अशा प्रोग्रामांनी खरंच काही फरक पडतो की ग्रुपवर फोटो टाकण्यापुरतंच असतं? आणि तिला एकटीला "तू नक्की ये" म्हटलं तर बोट दाखवल्यासारखं होईल, मग बोलवायचं कसं?

खामल्याचा_काका
काहून एवढं टेन्शन घेता ताई. आमच्या टायमाले मास्तर वेगळा हाणे, बाप वेगळा हाणे, तरी पोट्टे सरळ निघाले. आता एक चापट मारली का लगेच अत्याचार! दुसऱ्याच्या घरात आपण डोकं घालू नये एवढंच आपल्याले समजते.

समुपदेशक_धंतोली
काका, जे सरळ निघाले तेच इथे लिहायला येतात, बाकीच्यांना कोण विचारतं. २००७ साली केंद्राच्या महिला व बाल विकास खात्याचा १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल आला होता, त्यात तीनपैकी दोन मुलांना मारहाण होते असं निघालं आणि कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. म्हणजे हे कुठल्या 'तसल्या' घरातलं नाही, आपल्याच घरातलं आहे.

ताई, दीड तासाच्या भाषणानं काही होत नाही, स्पष्टच सांगते. मारू नये हे त्या बाईलाही माहितीये. सात वाजता पोरगं वही फेकून देतं आणि तिकडे सासू हाक मारते, त्या मिनिटाला करायचं काय हे तिला कोणी करून दाखवलेलं नाही. अमेरिकेत पीसीआयटी नावाची पद्धत आहे, त्यात आईच्या कानात इअरफोन असतो, समोर तिचंच लेकरू खेळत असतं आणि थेरपिस्ट काचेपलीकडून तिथल्या तिथं सांगते, "त्यानं ठोकळा दिला ना, बोलून दाखवा त्याला", "आता एकदाच सांगा, ओरडू नका, थांबा". मुलांना मारल्याची तक्रार झालेल्या ११० पालकांवर याची चाचणी झाली, २००४ मध्ये छापून आली. नेहमीचा पालक-वर्ग केलेल्यांपैकी ४९ टक्क्यांची पुन्हा तक्रार आली, असा सराव केलेल्यांपैकी १९ टक्क्यांची. म्हणजे बघा, मदत दोघांनाही मिळाली होती, फरक पडला तो स्वतःच्या लेकरासोबत करून बघण्यानं.

दुसरी पद्धत घरी जायची. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा म्हणून गाव आहे, तिथं डेव्हिड ओल्ड्स यांच्या टीमच्या नर्स पहिलटकरणींच्या घरी जायच्या, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी जवळपास निम्म्या होत्या. पण ज्या घरात बाईलाच खूप मार पडत होता तिथं हा फायदा दिसला नाही! त्यामुळे तसं काही असेल तर आधी तिच्या सुरक्षिततेचं बघा, पालकत्व नंतर.

सेविका_हिंगणा
ताई मी अंगणवाडीत आहो, अनुभवाचं सांगते. कार्यक्रमाच्या नावात 'अत्याचार' टाकलं का एक बाई येत नाही, 'पालकत्व' टाकलं तर ज्याईले गरज नाही त्याच येतात पुढे बसून वही काढून. आमच्याकडे 'आरंभ' म्हणून लहान लेकराईच्या वाढीचा कार्यक्रम आहे, त्याचे पालक मेळावे होतात, युनिसेफ आणि सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचा त्यात हात आहे, त्यात भाषण नसतेच. खेळ मांडायचे, बाटलीत डाळीचे दाणे भरून खुळखुळा, जुन्या कपड्याचा चेंडू, अन् आईबापानं लेकरासंग बसून खेळायचं. बाप लोकं आधी भिंतीले टेकून मोबाईल पाहात राहतात, मग लेकरानं हात ओढला का बसतातच.

तुम्ही तिले एकटीले बोलवूच नका, 'मुलांचा खेळ-मेळावा, मोठ्यांनी सोबत यावं' असं सगळ्याईच्या दारावर लावा. शिफ्टवाले बाप येतील असा रविवार पाहा. अन् खरं सांगू का, तिच्या सासूपाशी रोज कोणी अर्धा तास बसलं ना तर ती पट्टी अर्धी तिथंच सुटते. थकलेल्या बाईले सल्ला ऐकू येत नाही.

मानेवाडा_फ्लॅटवाली
सेविका ताई, हे भारी आहे, सासूबाईंचं तर आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघी-तिघी आळीपाळीनं बसू शकतो, एकजण तर रिटायर्ड नर्सच आहे. सरांचं भाषण कॅन्सल करायला लावते, आलूबोंडा राहील 😄 एकच भीती वाटते, हे सगळं करेपर्यंत त्या पोराला जास्तच लागलं तर?

समुपदेशक_धंतोली
मग मेळाव्याची वाट बघायची नाही. अंगावर वळ, भाजल्याच्या खुणा दिसल्या, पोरगं उपाशी किंवा कोंडून ठेवलेलं कळलं, तर सरळ १०९८ लावा, चाइल्ड हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास. तुमचं नाव पुढे येऊ नये वाटत असेल तर फोनवर तसं आधीच सांगा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र हा विषय त्या घराचं नाव घेऊन काढू नका, त्याचा राग पोरावरच निघतो.

खामल्याचा_काका
सासूपाशी बसायचं पटलं बुवा. बाकी पट्टीचं आपलं मत अजून तेच हाय.