खिशात मावणारा रोजचा कॅमेरा: गोव्याच्या हवेत कोणता घ्यावा?

प्रश्न (फोंडा)
चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, दिवजोत्सवात सुवासिनींच्या हातांतील दिवे, फेरीबोटीतून दिसणारी मांडवी आणि घरात धावणारी मुले, एवढे टिपता येईल असा लहान कॅमेरा घ्यावयाचा आहे. मोबाइल सावल्या आपणहून उजळून टाकतो आणि दिव्यांचा उजेड दिव्यांचा वाटत नाही. सोनी आरएक्स१०० मार्क ७, कॅनन जी७ एक्स मार्क ३ आणि रिको जीआर ३ यांपैकी कोणता योग्य ठरेल? घरातील सर्वजण तो वापरणार आहेत.

उत्तर (पणजी)
आपली गरज कमी उजेडाची आहे, त्यामुळे झूमच्या आकड्याकडे नंतर पाहावे. सोनी व कॅनन या दोन्हींचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, १ इंच वर्गातील, म्हणजे १३.२ × ८.८ मिमी आहे. फरक भिंगाचा आहे. मिमीचा आकडा लहान तेवढे दृश्य रुंद, मोठा तेवढे जवळ; आणि एफ/चा आकडा लहान तेवढे भिंग जास्त उघडते. सोनीचे भिंग २४ ते २०० मिमीपर्यंत जाते, पण रुंद टोकालाही एफ/२.८ एवढेच उघडते, तर कॅननचे २४ ते १०० मिमीचे भिंग तेथे एफ/१.८ उघडत असल्याने सुमारे अडीचपट उजेड आत घेते. दिव्यांच्या प्रकाशात हा फरक स्पष्ट दिसतो. रिकोचे भिंग एफ/२.८ असले तरी त्याचा एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळाने १ इंच सेन्सरच्या सुमारे तिप्पट असल्यामुळे त्याची चित्रे या तिघांत मला सर्वांत आवडतात. मात्र त्याला झूम नाही, फ्लॅश नाही, आणि २८ मिमीच्या चौकटीत काम करावयाचे तर माणसांच्या जवळ जावे लागते. कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशन (स्थिरीकरण) आपल्या हाताचा कंप सावरते, धावणारे मूल थांबवीत नाही. त्यासाठी शटरचा वेग हवा आणि वेगासाठी उजेड. घरातील सर्वांसाठी मी कॅनन सुचवीन. त्यात दर्शिका, म्हणजे डोळा लावून पाहावयाची खिडकी (व्ह्यूफाइंडर), नाही, त्यामुळे भर उन्हात पडद्यावर चित्र नीट दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

उत्तर (काणकोण)
समुद्रकिनारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांचा विचार वरील उत्तरात राहून गेला आहे. या तिन्हींपैकी एकाही कॅमेऱ्याला पाणी किंवा धूळ यांपासून संरक्षण नाही. ओएम सिस्टमचा टीजी-७ पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो आणि त्याचे भिंग बाहेर येत नाही. सेन्सर मात्र १/२.३ इंचाचा, म्हणजे क्षेत्रफळाने १ इंच सेन्सरच्या साधारण चौथा भाग असल्याने देवळातील मंद उजेडासाठी तो घेऊ नये.

प्रश्नकर्ता
किनाऱ्यावर मोबाइल पुरेल, म्हणून कॅननकडे कल झुकला आहे. पावसाळ्यात तो कसा सांभाळावा? जुना घेतला तर काय तपासावे?

उत्तर (डिचोली)
बुरशी हा आपल्याकडील भिंगांचा मोठा शत्रू आहे. चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात बंद ठेवलेला कॅमेरा तिला हमखास बळी पडतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, व जेल ओले झाले की गरम करून पुन्हा वापरावे. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. तो बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर काढला तर भिंगावर दव धरत नाही. जुना कॅमेरा घेताना झूम पूर्ण बाहेर काढून भिंगावर टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर किंमत कितीही कमी असो, तो घेऊ नये.