१३२ केव्ही लाइन: डिस्टन्स रिले मेगावॅट उणे दाखवतोय, सीटी उलटी की सेटिंग?

सबस्टेशन_१३२
नवा न्यूमेरिकल डिस्टन्स रिले (व्होल्टेज-करंटवरून फॉल्ट किती लांब ते ओळखून ट्रिप देणारा) बसवून लाइन चार्ज केली. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ६००/१, प्रायमरीचं पी१ टोक बसकडे. लोड १८० अँपिअर, बसकडून लाइनकडे. रिलेवर तिन्ही फेजना ०.३० अँपिअर आणि ६३.५ व्होल्ट, ३आय० (तिन्ही करंटची बेरीज, म्हणजे न्यूट्रलमधला करंट) जवळपास शून्य. मीटर +४० मेगावॅट दाखवतो, रिले −४०. रिलेत सेटिंग 'स्टार पॉइंट लाइनकडे' आहे. ते उलटं करून टाकू का?

रिले_टेस्टर
थांबा, आधी आर फेजचा व्होल्टेज-करंट अँगल वाचा. १६८ अंशांच्या आसपास असेल तर तिन्ही करंट नेमके १८० अंशांनी उलटे आहेत. आर-वाय-बीच्या जागी वाय-बी-आर असे सरकले असते, तरी करंट सारखेच आणि ३आय० शून्यच दिसलं असतं. फक्त मेगावॅट −२७ किंवा −१३ आले असते. म्हणून नुसता करंट बघून 'वायरिंग बरोबर' म्हणू नये.

पी१ बसकडे असताना एस१ (सेकंडरीचं पी१च्या बाजूचं टोक) रिलेच्या फेज टर्मिनलला जातो आणि तिन्ही एस२ एकत्र बांधून न्यूट्रल काढतात. हाच लाइनकडचा स्टार. तुमच्याकडे बहुतेक एस१ बांधलेत. सीटी जेबीत (यार्डातला जंक्शन बॉक्स) बघा, ड्रॉइंगवर नको.

सध्या झोन (रिले राखतो ते अंतराचे टप्पे) लाइनऐवजी बसकडे बघताहेत. लाइनवर फॉल्ट आला तर झोन १ गप्प बसेल आणि मागच्या फॉल्टला उगीच ट्रिप देईल. मेन-२ (दुसरा स्वतंत्र मुख्य रिले) नसेल तर आउटेज घ्या.

सबस्टेशन_१३२
अँगल १६८. जेबीत एस१ बांधलेले आहेत. मग सेटिंग बदललं तरी चालेल ना?

पॅनेलवाला
चालेल, पण सीटीच्या त्याच कोअरवर सिरीजमध्ये डायरेक्शनल बॅकअप रिले असेल तर त्याचंही बदलावं लागेल, आणि ड्रॉइंग दुरुस्त करावं लागेल. ते कुणी करत नाही. मी आउटेजमध्ये जेबीतच एस१-एस२ सरळ करेन. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी उघडायची नाही. टर्मिनलवर हजारो व्होल्ट येऊ शकतात.

रिले_टेस्टर
सहमत. सोबत अर्थिंग तपासा. कोअरला अर्थ एकाच जागी हवा, जेबीत किंवा पॅनेलमध्ये. दोन्हीकडे असेल तर अर्थ फॉल्टच्या वेळी यार्ड आणि कंट्रोल रूमच्या अर्थमधल्या फरकाने न्यूट्रलमधून भलताच करंट फिरतो आणि ३आय० खोटा येतो. आउटेजमध्ये अर्थ लिंक काढून ५०० व्होल्ट मेगर (इन्सुलेशन टेस्टर) मारा. शून्य आलं तर दुसरा अर्थ कुठेतरी आहे. पीटीलाही (रिलेला व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) हेच लागू. पीटी एमसीबीचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट रिलेच्या इनपुटला आणलाय ना? नसेल तर एमसीबी पडल्यावर रिलेला व्होल्टेज शून्य दिसेल आणि लोडवरच ट्रिप होऊ शकते.

पॅनेलवाला
एक राहिलं: न्यूट्रल तुटलेला असला तरी संतुलित लोडवर कळत नाही. लोड परत आल्यावर ट्रिप लिंक (रिलेची ट्रिप ब्रेकरला नेणारी) काढा, टीटीबीत (टेस्ट टर्मिनल ब्लॉक) सीटीच्या बाजूने आर-एन शॉर्ट करा आणि मगच आरची रिलेकडची लिंक उघडा. १८० अँपिअर लोडला ३आय० साधारण ०.३० यायला हवा. शून्यच राहिला तर न्यूट्रल शोधा, बहुतेक सैल लग सापडेल. परत जोडताना क्रम उलटा: आधी लिंक, मग शॉर्ट काढा, ट्रिप लिंक सगळ्यात शेवटी.