अनुभव धागा: कच्चा लिंबू आणि पक्के खेळाडू

चाळीत डबा ऐसपैस रंगात आला की सगळ्यात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' करून घ्यायचे. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. व्हिडिओ गेममध्ये कच्चा लिंबू कोणी ठरवायचा? ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटपून रात्री अर्धा तास खेळणारी मी आणि रोज पाच-सहा तास घासणारा कोणी एकाच सामन्यात उतरलो की मला हरल्याचं वाईट वाटत नाही, खेळायलाच मिळालं नाही याचं वाटतं. पॅराशूटने उतरायचं, बंदूक शोधायची, आणि गोळी कुठून आली ते कळायच्या आत बाहेर. तुमचे अनुभव लिहा. पक्क्या खेळाडूंनी तर नक्की लिहा.

डोंबिवलीकर:
२००५ च्या सुमारास आमच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ हा दोन टीमच्या गोळीबाराचा गेम चालायचा. ताशी वीस रुपये, मॅप बहुतेक वेळा डस्ट २. एका गोळीत आडवं करणारी एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक पक्क्या पोराच्या हातात गेली की आम्ही नवखे उरलेला राउंड नुसते पडद्याकडे बघत बसायचो, मीटर मात्र चालू. कॅफेवाल्या दादाने एक दिवस फळ्यावर खडूने लिहिलं, 'एडब्ल्यूपी बंद. पहिल्या नंबरवाला पुढचा मॅप फक्त पिस्तूल.' पक्की पोरं कुरकुरली. पण पिस्तुलावर त्यांचा हात आणखी सुधारला आणि आम्हाला कोपऱ्यावर दबा कसा धरायचा, हेडफोनमध्ये पावलांचा आवाज कसा ओळखायचा हे शिकायला वेळ मिळाला. कोण कोणासमोर खेळणार हे गेमने आपोआप ठरवायच्या कुठल्याही मॅचमेकिंगपेक्षा तो फळा मला आजही न्यायाचा वाटतो.

कोल्हापूरहून:
मी उलट बाजूचा. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजी मोबाईलच्या भारतातल्या अवतारात, 'एस' (Ace) हा वरचा टियर, चार बोटांनी खेळायची क्लॉ पकड, फोन हलवून नेम धरायचा जायरो चालू, रोज अर्धा तास नुसता ट्रेनिंग ग्राउंडवर रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, सांभाळायचा सराव. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली तेव्हा बसलेला हात गेला. जुलै २०२१ ला बीजीएमआय आल्यावर तो पहिल्यापासून बसवला. त्यामुळे 'तुम्हाला काय, दिवसभर रिकामे' असं कोणी म्हटलं की लागतं. तालमीत रोज जोर मारणाऱ्याला असं कोणी म्हणत नाही. पण वस्ताद नवख्या पोराला जोडही त्याच्या तोडीचीच देतो, हेही खरं. खालच्या टियरला समोर बरेच बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले खेळाडू असतात. तिथे दहा-बारा किल मारून खूश असलेल्या मित्राला मी माझ्या स्क्वॉडमध्ये ओढायचो आणि तीन मिनिटांत त्याचा खेळ संपायचा. चूक माझीच. आता त्याच्याबरोबर फक्त टीडीएम (टीम डेथमॅच), मेला तरी लगेच पुन्हा उभा राहतो.

पहिल्यांदाच लिहितोय:
कबुली द्यायची आहे. हॉस्टेलवर व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच गोळीबाराचा गेम खेळताना माझं डायमंड या वरच्या रँकचं खातं सोडून मी दुसरं कोरं खातं काढलं. रूममेट नवा होता, त्याच्याबरोबर खेळायचं होतं. निदान स्वतःला तसं सांगायचो. एका सामन्यात ३४ किल झाले. समोरच्या टीममधल्या एकाने शेवटी चॅटवर लिहिलं, 'भाऊ, मी आजच इन्स्टॉल केलाय.' एवढंच. शिवी दिली असती तर विसरून गेलो असतो. दहा जणांच्या सामन्यात माझ्या एका मजेपायी बाकी नऊ जणांचं मोजमाप बिघडत होतं. ते खातं त्या रात्रीनंतर उघडलं नाही.

रेंजच्या शोधात:
कौशल्याआधी मशीनचं बोला. माझा फोन ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, गावात रेंज आली तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंद. समोरच्याकडे १२० हर्ट्झ आणि फायबर. माझी गोळी सुटेपर्यंत तो दगडामागे. यात मेहनत कशी मोजायची?

टोरांटोहून:
आई दर उन्हाळ्यात येते. मारिओ कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये स्मार्ट स्टिअरिंग लावलं की गाडी रस्त्यावरून खाली जात नाही. शिवाय मागे पडलेल्याला तारा (स्टार), बुलेट बिल अशी जबरी हत्यारं मिळतात, पहिल्याला केळं नाहीतर नाणं. गेल्या वर्षी आईने सोडलेलं, पहिल्या नंबरवाल्याला शोधून धडकणारं निळं कवच शेवटच्या वळणावर माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला लागलं. आजी तिसरी, तो पाचवा. रडवेला होऊन म्हणाला, 'वळणावर गाडी घसरवायचा ड्रिफ्ट शिकायला मी महिने घातलेत, मग मलाच का मागे ओढतात?' मला त्याचं पटलं. आता दोन पाळ्या असतात. जेवणाआधी आजीसोबत, सगळ्या हत्यारांसकट. जेवणानंतर तो आणि मी, हत्यारं बंद, २०० सीसीचा सगळ्यात जोरदार वेग, ज्याचा हात त्याची शर्यत.

साताऱ्याचा बाबा:
बुद्धिबळ चालेल ना? रेटिंग ऑनलाइनचं, डाव घरच्या पटावर. एलो या रेटिंग मोजायच्या पद्धतीत ४०० गुणांचा फरक म्हणजे ११ डावांत साधारण १० गुण वरच्याचे. माझ्यात आणि लेकीत फरक ५०० च्या वर. ती मला मुद्दाम जिंकू द्यायची. ते कळल्यावर मी दोन दिवस पटाला हात लावला नाही. मग आम्ही घड्याळ बदललं, मला दहा मिनिटं, तिला एक. आता ती जीव तोडून खेळते, मीही. परवा एक हत्ती वर असताना तिचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपून ती हरली. 'बाबा, अजून एक,' म्हणाली आणि माझीही मोहरी तीच मांडायला लागली.