शब्दचर्चा: नेट, वायफाय, रेंज आणि ते आंतरजाल

पेठकरी:
आमच्याकडे नेट बंद पडलं की आई म्हणते वायफाय गेलं, भाऊ म्हणतो रेंज नाहीये, आणि केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो "वायफाय चालूय दादा तुमचं, मागून नेट डाऊन आहे". मग नक्की गेलं काय? आणि लिहिताना आंतरजाल की अंतर्जाल? दोन्ही लिहिलेलं दिसतं.

मुठेकाठी:
केबलवाला बरोबर आहे. वायफाय म्हणजे राउटर ते तुमचा मोबाइल, एवढंच बिनतारी अंतर, हॉल ते बेडरूम फार तर. फायबर असेल तर डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो बघा, तो लाल लागला की वायरीतून प्रकाशच येत नाहीये, बहुतेक कुठेतरी रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडली (पुण्यात आणि काय होणार), आता तुटलेली फायबर जोडणारा स्प्लायसिंगवाला येईस्तोवर बसा. मोबाइलवर वायफायच्या काड्या मात्र फुल्ल दिसतात कारण राउटर जिवंत असतो. रेंज हा टॉवरचा शब्द, तुमचा भाऊ उगाच वायफायला लावतोय.

तिरकस:
बोलताना कोण एवढं बघतं. "नेटवर बघ" म्हणजे गुगल कर, "नेट संपलं" म्हणजे आजचा डेटा संपला, "नेटवरून मागवलं" म्हणजे खरेदी, आणि "नेट मारून दे" म्हणजे रिचार्ज. मला गंमत वाटते ती क्रियापदांची. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते डायलअप, फोनच्या लाइनवरून, म्हणजे नेट "लावायला" लागायचं, मॉडेम किंचाळायचा, तेवढा वेळ घरचा फोन एंगेज आणि मग "तो नेटवर बसलाय, नंतर करा". सायबर कॅफेतही तासावर बसायचे. आता नेटवर कोणी बसत नाही, ते असतंच, आणि नसलं की जातं, लाइटसारखं.

व्याकरणवेडी:
आंतरजालच. आंतर म्हणजे एकमेकांमधलं: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरमहाविद्यालयीन. अंतर् म्हणजे आतलं: अंतर्मन, अंतर्वस्त्र. त्यामुळे अंतर्जाल म्हटलं की ऑफिसच्या आतल्या आत चालणारं इंट्रानेट वाटतं, अगदी उलट अर्थ. इंटरनेट हे नावच मुळात वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडण्यावरून आलंय, 1 जानेवारी 1983 ला अर्पानेट (अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं जुनं नेटवर्क) टीसीपी/आयपीवर गेलं, म्हणजे कुठल्याही दोन नेटवर्कना बोलायला एकच नियमावली मिळाली, तिथून पुढे आजचं इंटरनेट. हिंदीवाले अंतरजाल लिहितात, त्यांचं त्यांना, आपल्याकडे ते तिथूनच आलं असावं.

पेठकरी:
आणि वेब? तेपण आंतरजालच ना?

मुठेकाठी:
नाही हो! वेब हा नेटवर चालणाऱ्या कामांपैकी एक प्रकार. ईमेल 1971 पासून आहे, आणि टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला 1989 मध्ये. तुम्ही व्हॉट्सॅपवर कॉल करता तेव्हा नेट वापरता, वेब नाही. ब्राउझर उघडून एखादं पान बघितलं की वेब.

व्याकरणवेडी:
घोळ आपल्या भाषेतच आहे. इंग्रजीत नेट म्हणजे मासे धरायचं जाळं आणि वेब म्हणजे कोळ्याचं. मराठीत दोन्ही जाळंच, त्यात मासे धरणाराही कोळीच! म्हणून मग आंतरजाल, महाजाल, विश्वजाल असे शब्द केले आणि कुठला कशाला हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. महाजाल वेबला ठेवावा असं माझं मत, पण ऐकतंय कोण.

तिरकस:
संकेतस्थळावर बोला ना. वेबसाइटला हा शब्द ज्याने सुचवला त्याला दंडवत. संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रियकर-प्रेयसीने गुपचूप भेटायची ठरवलेली जागा, आणि आपण त्यावर जाऊन काय करतो, तर प्रॉपर्टी टॅक्स भरतो.

व्याकरणवेडी:
😂 तरी तो रुळला की, बातम्यांत सर्रास असतो. आंतरजाल मात्र लेखातच राहिला, "आंतरजाल गेलं" म्हणून केबलवाल्याला फोन करून बघा कोणीतरी.

पेठकरी:
करतो आजच. बाय द वे, मेल आला, आली की आलं? आमच्या ऑफिसात तिन्ही चालतात.

मुठेकाठी:
मी "आली" म्हणतो, चिठ्ठी आली तशी. बायको "आला" म्हणते. निकाल लागायचाय.