मंत्र्याची मुलगी म्हणून स्मिता पाटील?

पेठेतली: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'स्मिता पाटीलही नेपो किडच. वडील मंत्री, सगळी दारं उघडी.' डोकंच फिरलं. अहो, शिवाजीराव पाटील राजकारणातले. त्यांच्या शब्दावर श्याम बेनेगलांसारखा दिग्दर्शक हिरोइन ठरवणार? मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची ती, जीन्सवरच साडी गुंडाळून. बेनेगलांनी तिथे हेरली. 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन' आणि १९७७च्या 'भूमिका'साठी थेट राष्ट्रीय पुरस्कार. बाविशीत!

स्पष्टवक्ता: आणि बातम्या वाचायला कशी लागली? माझ्या बहिणीचा आवाज ऑडिशनला सगळ्यांनी वाखाणला, निवड झाली साहेबांच्या भाचीची. कुठे ते विचारू नका.

पेठेतली: बहिणीवर अन्याय झाला म्हणून स्मिताचा पुरस्कार परत मागायचा का? बेनेगलांना तिचं नाव सुचवलं ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनी. त्याआधी फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या अरुण खोपकरांच्या डिप्लोमा फिल्ममध्ये तिनं काम केलं होतं. ओळखी होत्याच, पण फिल्म इन्स्टिट्यूटच्या गोतावळ्यातल्या, मंत्रालयातल्या नव्हे. आपली पुण्याची पोरगी...

तापीकाठचा: थांबा थांबा. 'आपली पुण्याची'? जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची, कबूल. घर आमच्या खानदेशातल्या शिरपूरचं! आमच्याकडचं कुणी मोठं झालं की पुणेकर दत्तक घ्यायला तयारच. बहिणाबाई तेवढ्या आमच्याकडे राहू दिल्यात, उपकार झाले.

पेठेतली: शिरपूरला राहिली कधी ती? घडली ती इथे, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात.

तापीकाठचा: सेवा दल काय सदाशिव पेठेत उगवलं? सेवा दलाचे साने गुरुजी आमच्या खानदेशात, अमळनेरला शिकवायचे, ताई. नकाशा बघा जरा.

पेठेतली: नकाशा तुम्हीच बघा. ताई म्हणायचं आणि बोलायचं असं!

मॅटिनीवाला: भांडा निवांत. मी आईला 'उंबरठा'ला नेलं होतं. बाहेर पडताना वाटलं रडेल, तर ती चिडलेली. 'घर सोडायला हिला जमलं, आम्हाला कुणी विचारलं का?' वडील तोंडात मारल्यासारखे गप्प. ते काम वशिल्यानं होत नाही, स्पष्टवक्तेसाहेब.

स्पष्टवक्ता: अभिनयाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. मुद्दा एवढाच, घरभाड्याची काळजी नसेल तरच असे सिनेमे निवडता येतात. 'मंथन' म्हणजे गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला सिनेमा. त्यात मानधन कितीसं असणार? सावळ्या, गरीब घरच्या मुलीनं हे धाडस केलं असतं?

पेठेतली: चला, एक तरी वाक्य विचार करून लिहिलंत. सुखवस्तू घराचा आधार होता, मान्य. पण आधार म्हणजे वशिला नव्हे. आणि सावळेपणावरून बोलणी तिलाही चुकली नाहीत.

स्पष्टवक्ता: 'मान्य' एवढंच वाचलं, बाकी सोडून दिलं.

तापीकाठचा: मानधनाचं चालू द्या तुमचं. शिरपूरचा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.