मदत हवी आहे: बेल यांच्या प्रमेयाचा निष्कर्ष सामान्य वाचकाला कसा सांगावा?

नमस्कार.

एका दिवाळी अंकासाठी मी भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या 1964 सालच्या प्रमेयावर लेख लिहीत आहे. दूरच्या दोन कणांच्या मोजमापांची उत्तरे आधीच ठरलेली असतात आणि एकीकडच्या मोजणीचा दुसरीकडे परिणाम होत नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर क्वांटम सिद्धांताशी मेळ बसत नाही, असे ते सांगते. वाचकाला शालेय गणितापलीकडे काही येत नाही, असे धरले आहे.

दोन डब्यांत चपलांचा एकच जोड विभागून पाठवल्याचे नेहमीचे उदाहरण मी वगळले, कारण त्यात गूढ असे काहीच नाही. उत्तरे आधीच ठरलेली असतात हेच ते सांगते आणि बेल यांचा हल्ला नेमका त्यावरच आहे. त्याऐवजी मांडणी अशी केली आहे: परस्परांत गुंतलेले, म्हणजे एकत्र निर्माण होऊन ज्यांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली राहतात असे, दोन फोटॉन (प्रकाशकण) दोन दूरच्या ध्रुवकांकडे जातात; ध्रुवक म्हणजे आपल्या कोनानुसार फोटॉन पार होऊ देणारी किंवा अडवणारी गाळणी. ध्रुवकांचे कोन सारखे असतील तर दोन्ही फोटॉन पार होतात किंवा दोन्ही अडतात. एकच ध्रुवक, कोणताही, 30 अंशांनी फिरवला तर 25 टक्के जोड्यांची उत्तरे जुळत नाहीत. उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि एकीकडचा ध्रुवक फिरवल्याने दुसरीकडचे उत्तर बदलत नसेल, तर दोन्ही ध्रुवक विरुद्ध दिशांना 30 अंश फिरवल्यावर न जुळणाऱ्या जोड्या फार तर 25 अधिक 25, म्हणजे 50 टक्के भरतील. क्वांटम सिद्धांताचे उत्तर 75 टक्के आहे, आणि 1972 मधील फ्रीडमन व क्लाउझर यांच्यापासून 2015 मधील डेल्फ्टच्या प्रयोगापर्यंत, अशा मर्यादा तपासणाऱ्या प्रयोगांनी कौल क्वांटम सिद्धांताच्याच बाजूने दिला आहे.

अडचण यापुढच्या वाक्याची आहे. ‘मोजण्यापूर्वी उत्तर अस्तित्वातच नसते’ असे लिहावे, तर डेव्हिड बोम यांचा 1952 चा सिद्धांत आडवा येतो. त्यात कणांना सदैव निश्चित स्थान असते, मात्र दूरचा प्रभाव तत्क्षणी पोहोचतो. ‘एक फोटॉन दुसऱ्याला तत्क्षणी कळवतो’ असे लिहावे, तर वाचक प्रकाशापेक्षा वेगवान तारायंत्राची कल्पना करील; प्रत्यक्षात पलीकडचा कोन काहीही असला तरी अलीकडे निम्मेच फोटॉन पार होतात, त्यामुळे निरोप पाठवता येत नाही. आइनस्टाइन यांचा कल आधीच ठरलेल्या उत्तरांकडे होता, म्हणून लिहिले जाणारे ‘आइनस्टाइन हरले’ हे वृत्तपत्री वाक्य तर मला मुळीच नको आहे.

शिवाय, ध्रुवकांच्या कोनांची निवड फोटॉनांच्या स्थितीपासून स्वतंत्र असते, हे आणखी एक गृहीतक या युक्तिवादात आहे. एवढ्या छोट्या लेखात ते गाळले तर चालेल का? आणि वरील दोन्ही टोके टाळून निष्कर्ष दोन-तीन वाक्यांत कसा लिहावा? जाणकारांनी कृपया प्रत्यक्ष वाक्येच सुचवावीत.